आत्ताच जेवून निघाले

सिल्वासाच्या टोकरखाड्यातल्या त्या गल्लीत पावणेबाराला नवनाथची रिक्षा शिरली की शेजारणी हातातलं काम टाकून दाराशी येत. तळवडेकर सर रोज त्याच वेळी बायकोला घेऊन बाहेर पडत. सरांच्या अंगात घरीच इस्त्री केलेला शर्ट, विजयाबाईंना बाहेरची साडी, केसांची सरांनीच घातलेली जराशी वाकडी वेणी आणि खांद्याला पर्स. दोघं हॉटेलात जेवायला निघालेली असत. सोमवार असो की अमावास्या, खाडा नाही.

गल्लीने आपल्या परीने याचा अर्थ लावला होता. जन्मभर गणित शिकवणाऱ्या माणसाला सदुसष्टाव्या वर्षी बायकोची हौस पुरवायची बुद्धी झाली, पेन्शन उतू चाललीय, घरात गॅस पेटवायचा कंटाळा, असं बरंच काही. लोकांना दुसऱ्याच्या ताटात डोकवायला सवड असते. दार वाजवून ‘काय झालं’ विचारायला मात्र नसते. आणि सरही असे की कुणी विचारलं असतं तरी त्यांनी सांगितलं नसतं.

हौस कसली आलीय. विजयाबाई घरात अन्नाला शिवत नव्हत्या. सात महिने झाले होते.

विसरणं त्याआधी दोन वर्षं चालू होतंच. एकच दूध तीनदा तापवायचं, बाजारातून परतताना भलत्याच गल्लीत वळायचं, मुलाच्या नावाऐवजी भावाचं नाव घ्यायचं. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या, आणि त्या गोळ्यांनी आजार बरा होत नाही हेही सांगितलं. सरांनी स्वयंपाक हातात घेतला. कोकणातल्या माणसाला भात-आमटी जमतेच. पोळ्यांना बाई लावली. मग एका गुरुवारी त्यांनी विजयाबाईंच्या पुढ्यात ताट ठेवलं. वरण-भात, भेंडीची भाजी, लिंबाची फोड. विजयाबाईंनी ताटाकडे पाहिलं, पदर सावरला आणि लोकांकडे गेल्यावर हसायच्या तशा हसल्या.

“नको हो, कशाला त्रास घेतलात. आत्ताच जेवून निघाले मी.”

“अगं, कुठून निघालीस जेवून? बस की.”

“खरंच नको. चहा चालेल अर्धा कप.”

सरांना हसू आलं. संध्याकाळी पुन्हा तेच झालं तेव्हाही थोडं आलं. तिसऱ्या दिवशी मात्र तोंडचं पाणी पळालं, कारण तोवर विजयाबाईंच्या पोटात चहा आणि दोन मारी बिस्किटं यापलीकडे काही गेलं नव्हतं.

‘आत्ताच जेवून निघाले’ हे वाक्य सरांनी उभ्या जन्मात हजार वेळा ऐकलं होतं, आणि ते कुठून आलं हेही त्यांना ठाऊक होतं. लग्न झालं त्याच वर्षी कुडाळकडचा हा मास्तर नोकरीसाठी इकडे आला, आणि पहिली चार वर्षं त्याला सुरंगीच्या शाळेवर टाकलं. तेव्हाची सुरंगी म्हणजे शेतं, जंगल आणि एक जीप. पोरं शाळेत येईनाशी झाली की सर त्यांच्या घरी जात, आणि बायको हौसेने बरोबर जाई. एका घरात बाईने दोघांपुढे नागलीची भाकरी आणि उडदाचं कालवण ठेवलं. दोघांनी आवडीने खाल्लं. निघताना विजयाबाई हात धुवायला मागे गेल्या, तर चुलीपाशी तीन पोरं रिकाम्या टोपल्याभोवती बसलेली. संध्याकाळची सगळी भाकरी पाहुण्यांनी संपवली होती.

घरी आल्यावर विजयाबाई म्हणाल्या, “यापुढे कुणाच्या घरी जेवायचं नाही. ते कुणाच्या तरी वाटणीचं असतं.” त्या दिवसापासून कुणाच्याही उंबऱ्याच्या आत पाऊल पडलं की ‘आत्ताच जेवून निघाले’ सुरू झालं. फार आग्रह झाला तर चहा, तोही अर्धा कप. चहाला नाही म्हणायचं नाही, त्याने माणूस दुखावतो. त्यांचा एक हिशोबही होता. एकदा विचारणं रीत म्हणून असतं, दुसऱ्यांदा विचारणं लाजेखातर. तिसऱ्यांदा कुणी विचारलं तर त्याला खरंच द्यायचं असतं, तेव्हाच हात पुढे करायचा. सर तिला चिडवत, की तू विचारणाऱ्याला तिसऱ्यांदा तोंड उघडू देतेस कुठे.

आता आजाराने त्यांच्याकडून सगळं काढून घेतलं होतं आणि नेमकी ही रीत ठेवली होती. तीस वर्षं राहिलेलं घर त्यांना परक्याचं वाटू लागलं. त्या पाहुण्या झाल्या होत्या, आणि सर म्हणजे त्या घरातले कुणी सज्जन गृहस्थ. पाहुण्याने दुसऱ्याच्या पोराबाळांच्या वाटणीचं खाऊ नये म्हणून त्या रोज, अगदी गोड बोलून, स्वतः उपाशी राहत होत्या. सरांनी तीनदा विचारून पाहिलं, तेरा वेळा विचारून पाहिलं. एकदा ओरडलेसुद्धा. त्यावर विजयाबाई पर्स घेऊन दाराशी जाऊन उभ्या राहिल्या, आणि त्यांना परत खुर्चीत बसवायला तास गेला. त्यानंतर सर पुन्हा ओरडले नाहीत. दिवसातून चार-पाच वेळा दुधाचा चहा आणि बिस्किटं, एवढ्यावर त्या तगून होत्या.

मुलगा प्रथमेश बंगळुरूला होता. तो म्हणाला, बाबा, इकडे घेऊन या. नेलं. तिथेही परकंच घर, सूनही परकी. चार दिवस विजयाबाईंनी सुनेच्या हातचा फक्त चहा घेतला आणि जाताना तिच्या हातावर पन्नासची नोट ठेवली, खाऊला म्हणून. सून आत जाऊन रडली. सरांनी परतीची तिकिटं काढली.

डॉक्टरांचा काटा एक्कावन्नवरून एकोणचाळीसवर आला होता. डॉक्टर तरुण होते, पण आडपडदा ठेवणारे नव्हते. “अडतीसच्या खाली गेलं तर नाकातून नळी घालावी लागेल,” ते म्हणाले, “आणि सर, असे पेशंट नळी ओढून काढतात, म्हणून हात बांधून ठेवावे लागतात. मनाची तयारी असू द्या.” विजयाबाई शेजारच्या खुर्चीत बसून तक्त्यावरचं हृदयाचं चित्र कौतुकाने बघत होत्या. सरांनी तिच्या हातांकडे पाहिलं. बांगड्या मनगटावरून निसटू नयेत म्हणून त्यांना दोरा गुंडाळलेला होता.

तिथून निघाल्यावर सरांनाच गरगरलं. साखरेचा त्रास, सकाळपासून पोटात काही नाही. अथालच्या रस्त्यावर ‘हॉटेल वनराई’ दिसलं तशी त्यांनी नवनाथला रिक्षा थांबवायला लावली. शनिवार-रविवारी गुजरातेतून येणाऱ्या गाड्यांनी तिथे पाय ठेवायला जागा नसते; तो मंगळवार होता, चार-पाच टेबलं तेवढी भरलेली. सरांनी बायकोला खुर्चीत बसवलं आणि स्वतःसाठी काहीतरी गोड मागवायला मान वर केली. तोवर विजयाबाईंनी मेनूकार्ड ओढून घेतलं होतं. चष्मा नाकावर नीट केला, बोट फिरवत वाचलं आणि वेटरला म्हणाल्या, “दोन राइस प्लेट. त्याआधी कांदाभजी आणा, गरम असतील तरच. आणि अहो, तुम्ही ताक घेणार ना?”

‘अहो’ हा शब्द सरांनी पाच महिन्यांनी ऐकला.

त्यांनी दोन पोळ्या खाल्ल्या. भात खाल्ला. भज्यांतली मोठी स्वतःला आणि चुरा सरांना, ही जुनी वाटणीसुद्धा झाली. सरांच्या तोंडात भजं आणि डोळ्यांतून धारा. वेटर सुकदेव, शिरपूरकडचा पन्नाशीचा माणूस, धावत पाणी घेऊन आला. “मिरची लागली का सर? आमचा आचारी मिरचीला हात आखडत नाही ना.”

हॉटेलचं कोडं सरांनी रिक्षातच सोडवलं. हॉटेलातलं अन्न कुणाच्या वाटणीचं नसतं. आपण पैसे मोजतो, आपण खातो, कुणाचं पोर उपाशी राहत नाही. सुरंगीत असताना दोघं महिन्याच्या पहिल्या रविवारी जीपला लोंबकळत सिल्वासात येत, ते फक्त हॉटेलात जेवायला. मे महिन्यात गावी जाताना महाडच्या पुढे एस.टी. थांबली की विजयाबाई सगळ्यांच्या आधी उतरत. घरी सगळ्यांचं झाल्यावर कढईला लागलेलं खाणारी ही बाई हॉटेलात मात्र पहिली ऑर्डर द्यायची, आणि पाय पसरून बसायची. “कुणीतरी मला वाढतंय,” ती म्हणायची, “महिन्यातून एकदा तरी बसू दे की राणीसारखं.” प्रवासात माणसाने बाहेर खावं, यात तिला काही वावगं वाटत नव्हतं. आता तिचा प्रवास संपतच नव्हता, एवढाच फरक.

सर मग हरखून गेले आणि नको तो शहाणपणा करायला निघाले. त्यांनी घराचंच हॉटेल करायचं ठरवलं. सुकदेवकडून एक जुनं मेनूकार्ड मागून आणलं, टेबलावर प्लास्टिकचं कापड घातलं, मिठाची बाटली, बडीशेपेची वाटी, स्टीलचे चार ग्लास. खांद्यावर फडकं टाकून वेटर म्हणून स्वतःच उभे राहिले. विजयाबाईंनी मेनूकार्ड शेवटपर्यंत वाचलं, इकडेतिकडे पाहिलं.

“इथे एकसुद्धा गिऱ्हाईक नाही,” त्या हळूच म्हणाल्या. “भर जेवणाच्या वेळी हॉटेल रिकामं म्हणजे अन्न धड नसणार. चला, दुसरीकडे बघू.”

हॉटेलातून पार्सल आणून पाहिलं, तर डबा घरच्या टेबलावर उघडला जाताच तो घरचाच झाला. नको, आत्ताच जेवून निघाले. सरांनी हात टेकले आणि रोजची रिक्षा लावली. दुपारी वनराई, संध्याकाळी अर्धा कप चहा, त्यात डॉक्टरांनी दिलेली पावडर आणि चमचाभर साय. वजन वाढलं नाही, पण अडतीसच्या वर टिकून राहिलं. सर देवापुढे हात जोडणाऱ्यातले नव्हते, काट्यापुढे जोडू लागले.

आणि कुणाला न सांगितलेली एक गोष्ट होती. घरी सर म्हणजे ‘ते गृहस्थ’. रात्री तिला पांघरूण घातलं तर ती ‘थँक्यू हं’ म्हणे. पण वनराईच्या कोपऱ्यातल्या टेबलावर पाऊण तास ते तिचे ‘अहो’ असत. ती त्यांच्या भातावर न विचारता तूप सोडे. तुमच्या हेडमास्तरांनी रजा दिली का, असं तीस वर्षांपूर्वीचं काहीतरी विचारी, आणि सर म्हणत, दिली. त्या पाऊण तासासाठी ते आदल्या रात्री शर्टाला इस्त्री करत. गल्लीला हौस दिसत होती, ती अगदीच खोटी नव्हती म्हणायची.

तेही गेलं. सोमवारी गेलं.

सुकदेवने भजी ठेवली, विजयाबाईंनी हात पुढे केला आणि समोर पाहिलं. हात तसाच थांबला.

“आपण कोण म्हणालात?”

“रमाकांत,” ते म्हणाले.

“आमच्या ह्यांचंही हेच नाव.” विजयाबाईंनी हात मागे घेतला, पर्स मांडीवर ओढली. मग आवाज खाली आणून, समोरच्याला वाईट वाटू नये अशा बेताने म्हणाल्या, “राग मानू नका. पण परक्या गृहस्थांबरोबर असं हॉटेलात बसून जेवणं बरं दिसत नाही. गाव लहान आहे, हे शाळेत आहेत. ते आले की जेवेन मी.”

भजी गार झाली. राइस प्लेट आली तशी परत गेली. विजयाबाई दाराकडे डोळे लावून बसल्या होत्या, आणि ज्याची वाट बघत होत्या तो दोन हातांवर बसला होता. परत जातानाही परक्याच्या शेजारी बसायला त्या तयार होईनात. सर नवनाथच्या सीटवर अर्धं बूड टेकून, दांडीला धरून घरी आले.

संध्याकाळी त्यांनी लग्नाचा फोटो दाखवला. विजयाबाईंनी फोटो ओळखला. “हे आमचे हे.” मग फोटोवरून सरांकडे आणि सरांवरून फोटोकडे नजर फिरवली आणि फोटो मांडीवर पालथा ठेवला. सर आरशासमोर उभे राहिले. टक्कल नव्हतं, पण डोकं पांढरंफटक. मिशी केव्हाच काढलेली. शुक्रवारी डॉक्टरांकडे काट्यावर उभं राहायचं होतं. आज सोमवार. तोवर पोटात काही गेलं नाही तर काटा काय सांगेल, यासाठी गणिताचा मास्तर असण्याची गरज नव्हती.

बुडणाऱ्या माणसाची अक्कल ती किती चालणार. मंगळवारी सकाळी सर सलूनमध्ये जाऊन डोकं काळं करून आले. दोन दिवसांची मिशीची खुंटं होती, त्यांनाही रंग लावला. ट्रंकेच्या तळातून करड्या रंगाचा सफारी काढला. तो विजयाबाईंनी स्वतः कापड निवडून शिवून घेतला होता. शाळेत इन्स्पेक्शन असलं की सर तोच घालत. पोटावरचं बटण लागेना, ते पिनेने जोडलं. नवनाथने त्यांना पाहिलं आणि रिक्षाची किक मारायच्या निमित्ताने मान खाली घातली. शेजारणींची मात्र चंगळ झाली.

रिक्षात सर पुढे नवनाथच्या शेजारी बसले, वनराईत मात्र समोर. रंगाचा वास त्यांचा त्यांनाच येत होता. विजयाबाईंनी बराच वेळ पाहिलं. त्यांचा चेहरा हळूहळू बदलला, आणि एक क्षण सरांना वाटलं, जमलं.

“हा सफारी कुठून आणलात तुम्ही?”

“माझाच आहे, विजू.”

“तुमचा नाही तो. हे कापड मी घेतलंय. आमच्या ह्यांचे कपडे आहेत ते. ते कुठे आहेत? काय केलंत त्यांचं?” त्या उभ्या राहिल्या. आसपासची टेबलं वळून बघू लागली. विजयाबाई रडत नव्हत्या, ओरडत नव्हत्या. त्या घाबरल्या होत्या, सरांना घाबरल्या होत्या, आणि हे सरांनी लग्नाला एकेचाळीस वर्षं झाल्यावर पहिल्यांदा पाहिलं. त्यांनी तिथल्या तिथे सफारी उतरवला आणि बनियनवर बसून राहिले. सुकदेवने स्वतःचा जादा शर्ट आणून त्यांच्या खांद्यावर टाकला.

त्या दिवशी विजयाबाईंनी चहाही घेतला नाही. सर अंधार पडल्यावर स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून रडले. आपल्याला ती ओळखत नाही याचं दुःख त्यांनी केव्हाच गिळलं होतं. रडू आलं ते याचं, की तिला जगवायचा त्यांना ठाऊक असलेला एकच रस्ता होता आणि त्या रस्त्यात आता तेच आडवे येत होते.

बुधवारी ते साधा शर्ट घालून गेले. जायचं म्हणून गेले. विजयाबाईंना त्यांनी सांगितलं, “मी शाळेतलाच. तळवडेकर सरांनी तुम्हाला हॉटेलात सोडायला सांगितलंय.” त्या लगेच निघाल्या. हॉटेलात सर समोर बसायला गेले, तशी त्यांनी पर्स पुन्हा मांडीवर ओढली.

सुकदेव पाणी ठेवून सरांच्या कानाशी वाकला.

“सर, राग नका मानू. काकूंना भूक नाही असं नाही. परवा पण त्या भज्यांकडे बघू राहिल्या होत्या. तुम्ही समोर बसू राहिले ना, म्हणून खात नाही त्या. तुम्ही उठा न् तिकडे बसा, खांबाच्या मागे. मी पाहतो काकूंकडे.”

सरांना हे कळत नव्हतं अशातला भाग नाही. सोमवारीच कळलं होतं. फोटो, रंग, सफारी, ही सगळी धडपड या एका खुर्चीवरून उठावं लागू नये म्हणूनच तर होती. तो पाऊण तास सोडायला त्यांचा जीव होत नव्हता. दोन दिवस बायको उपाशी राहिली त्यात आपला हा लोभही होता, हे त्यांच्या ध्यानात आलं, आणि त्यांची त्यांना लाज वाटली.

ते उठले. खांबामागच्या टेबलावर, तिच्याकडे पाठ करून बसले. सुकदेवने त्यांच्यापुढेही राइस प्लेट ठेवली, नुसतंच बसणं दिसायला बरं नाही म्हणून. सरांनी भात कालवला आणि कान मागे लावले.

बराच वेळ काही नाही. मग खुर्ची पुढे सरकल्याचा आवाज आला.

“भजी गरम आहेत ना?”

“एकदम गरम, काकू.”

पेला ठेवल्याचा आवाज, वाटी सरकवल्याचा, पापड मोडल्याचा. दुसरी पोळी मागितलेली ऐकू आली. सरांनी ताटाच्या कडेला दोन्ही हात टेकले होते. एक घास उचलून तोंडापर्यंत नेला आणि परत ठेवला. मागे वळून बघावंसं वाटत होतं, पण वळले तर ती खाणं थांबवेल. म्हणून ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले.

“ते खांबामागचे गृहस्थ एकटेच जेवतायत का हो?” विजयाबाई सुकदेवला विचारत होत्या. “घरी करणारं कुणी नसेल बिचाऱ्यांना.”

सुकदेव काय बोलला ते सरांना ऐकू आलं नाही.

“आणि एक पोळी-भाजी बांधून द्या. दोन पोळ्या द्या. आमच्या ह्यांना शाळा सुटली की फार भूक लागते, सांगत नाहीत पण.”

रिक्षात विजयाबाई मागे बसल्या, पार्सल मांडीवर घेऊन. सर पुढे, नवनाथच्या शेजारी. खड्ड्यात रिक्षा उडाली तसा सरांनी मागे हात नेऊन पार्सल सावरायला बघितलं. विजयाबाईंनी ते दुसऱ्या बाजूला सरकवलं. “असू दे, हे त्यांचं आहे.”

घरी आल्यावर त्यांनी पार्सल टीपॉयवर ठेवलं आणि त्यावर दोन्ही हात ठेवून दाराकडे तोंड करून बसल्या. तीन वाजले, साडेतीन वाजले. सरांनी चहा केला. विजयाबाईंनी अर्धा कप घेतला. सकाळच्या चहानंतर सरांच्या पोटात काही नव्हतं. हात कापू लागले होते. पार्सलच्या कागदातून लसणीच्या फोडणीचा वास खोलीभर पसरला होता. स्वयंपाकघरात सकाळचा भात होता, पण तिथे उठून जावं एवढीही ताकद त्यांच्यात उरली नव्हती, की तिच्या समोरून उठायचं त्यांना जिवावर आलं होतं, कोण जाणे. उद्याही असंच होणार होतं. शुक्रवारी काटा काही का सांगेना, खांबामागचं टेबल आता कायमचं.

विजयाबाईंनी घड्याळाकडे पाहिलं. “शाळा सुटली असेल,” त्या म्हणाल्या. मग त्यांची नजर सरांकडे वळली, त्यांच्या कापणाऱ्या हातांवर थांबली. चेहऱ्यावर काळजी आली, घरच्या बाईला दारात आलेल्या माणसाबद्दल वाटते ती. कागदाच्या घडीत त्यांनी एक बोट घातलं.

“तुम्ही जेवलात का हो?”

सर पार्सलकडे बघत राहिले. दोन पोळ्या. त्यांच्याच होत्या, त्यांना भूक लागते म्हणून बांधून घेतलेल्या. हो म्हणून हात पुढे केला असता तर तिने दिल्या असत्या, आणि मग शाळेतून येणाऱ्या तिच्या माणसासाठी तिच्याजवळ काही उरलं नसतं. ती रिकामा कागद घेऊन दाराकडे बघत बसली असती.

“हो,” ते म्हणाले. “आत्ताच जेवून निघालो मी.”

विजयाबाईंना सुटल्यासारखं झालेलं दिसलं. त्यांनी कागदाची घडी पुन्हा नीट दाबून बसवली, पार्सल जवळ ओढलं आणि दाराकडे बघू लागल्या. दुसऱ्यांदा त्यांनी विचारलं नाही.